परबवहिनींना गॅस दिसता कामा नये

"आम्ही जाऊ तेव्हा तो ज्वालामुखी चालू असेल ना हो?"

मुलुंडच्या एका सद्गृहस्थांनी मला हे विचारलं होतं. एवढं लांब जायचं आणि तिथे पोचल्यावर बंद मिळायचा, ही त्यांची भीती. मी म्हटलं, "तो चालू असला तर तुमचं विमान बंद असेल." त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग एखादा अर्धवट चालू असलेला बघा. धूर यावा, पण कपड्यांना वास नको." मी म्हटलं, बघते. आमच्या धंद्यात 'नाही' म्हणायचं नसतं, 'बघते' म्हणायचं असतं.

मी बोरीवलीत सहली आखून द्यायचं काम केलं. लोक मला 'टूरवाल्या बाई' म्हणायचे, ते मला कधी आवडलं नाही. टूरवाले वेगळे. त्यांची बस ठरलेली, हॉटेल ठरलेलं, पुढे झेंडा घेऊन चालणारा माणूस ठरलेला आणि रात्रीचं पनीर ठरलेलं. माझं काम शिंपिणीचं. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं आणि त्याच्या अंगाला बसेल अशी सहल बेतायची. माप म्हणजे घोरतं कोण, उठल्याउठल्या चहा कोणाला लागतो, गुडघे कोणाचे गेलेत, चतुर्थी कोण धरतं आणि नवरा-बायकोपैकी खरोखर जायचंय कोणाला. हे शेवटचं विचारायचं नसतं, ओळखायचं असतं. टेबलावर नकाशा उघडला की जो पुढे वाकतो त्याला जायचं असतं. जो खुर्चीला पाठ टेकून बसतो त्याला नेलं जात असतं.

"मॅडम, काहीतरी हटके द्या" म्हणत आलेलं गिऱ्हाईक चहा संपायच्या आत विचारतं, तिथे वरण-भात मिळेल ना? आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारतं, संडासात पाण्याची सोय आहे की नुसता कागद? मी या प्रश्नाला कधी हसले नाही. परदेशातल्या कुठल्या हॉटेलात जेट स्प्रे आहे हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या हॉटेलांच्या मालकांनाही नसेल. हल्ली मोबाइलला विचारलं तर तोही सहल आखून देतो म्हणे. देवो बापडा. पण सासऱ्यांना वरच्या मजल्यावरची खोली दिली की ते सुनेशी बोलत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

सांगायचं आहे ते मात्र परबांच्या सहलीबद्दल. माझ्या साऱ्या कामात मला तीच सहल सर्वांत जवळची वाटते, आणि तिच्यातच मी सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या.

स्मिता परब आमच्या मागच्या इमारतीतली मुलगी, अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत कामाला. लहानपणापासून मला मावशी म्हणते. एका शनिवारी ती ऑफिसात आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मावशी, आईबाबांना घेऊन जायचंय. कुठेही चालेल. अट एकच. दहा दिवस आईला गॅस दिसता कामा नये."

मला कारण विचारायची गरज नव्हती. परब मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा वहिनींनी घरातून जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. त्या डब्यांवर घर चाललं, स्मिता शिकली. पुढे परबांना दुसरी नोकरी मिळाली, तीही संपून ते निवृत्त झाले, पण डबे काही थांबले नाहीत. शेजारची शोभा पोळ्या लाटायला यायची, बाकी सगळं वहिनींच्या हातचं. आता तो हातच वर जाईना. खांदा धरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की मोठे टोप उचलणं आणि ढवळणं थांबवलं नाही तर हा हात कायमचा जायबंदी होईल. वहिनी डॉक्टरांना हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टोप चढवून मोकळ्या झाल्या.

"मी सांगून सांगून दमले," स्मिता म्हणाली. "तिला वाटतं ती बसली तर बोरीवली उपाशी मरेल. दहा दिवस नुसती बसली ना, तर तिला कळेल तरी की बसता येतं. मग मी तिला डबे सोडायला लावते. नाहीतर हात जाईल यार तिचा."

शेवटचं वाक्य म्हणता म्हणता ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मी नकाशा उघडला.

अडचण वहिनींची नव्हतीच, परबांची होती. परबांना दोन्ही वेळा भात आणि निदान एका वेळी मासा लागतो, सोमवार सोडून. मासा नसला की परब रुसतात, आणि परब रुसले की वहिनी पदर खोचतात. म्हणजे मला अशी जागा हवी होती जिथे मासा ताजा, भात मिळणारा, हवा थंड आणि स्वयंपाकघर दुसऱ्याचं. स्मिताच्या मोबाइलमध्ये एका निळ्या तळ्याचा फोटो होता. तिने तो पुढे केला आणि माझं काम निम्मं झालं.

अटलांटिक महासागराच्या मधोमध पोर्तुगालची बेटं आहेत, अझोर्स नावाची. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. त्यातलं सर्वांत मोठं साओ मिगेल. जुने ज्वालामुखी विझून त्यांच्या तोंडात तळी झालीत. चहूकडे हिरवं रान, गाई, चहाचे मळेसुद्धा. फुर्नाश नावाच्या गावात जमिनीतून वाफा येतात आणि गरम पाण्याचे झरे आहेत. खांद्याला शेक, परबांना मासा, स्मिताला तळं. मी स्वतःवरच खूश झाले. खोल्या त्याच गावात, पण अशा निवडल्या की आसपास चूल म्हणून काही नसावं. हॉटेलवाल्याला खोलीतली चहाची किटलीसुद्धा काढून ठेवायला सांगितली. त्याला वाटलं, बाईंना किटलीची काही ॲलर्जी आहे.

निघायच्या आधी वहिनी स्वतः माझ्याकडे येऊन गेल्या.

"थय गॅस नाय म्हणतंस?"

"नाही वहिनी. तुम्ही नुसतं बसायचं."

"मगे ह्यांका सकाळची पेज?"

"तिथे सकाळी ब्रेड असतो. छान असतो."

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी परबांपुढे गवताचा भारा टाकणार होते. मग म्हणाल्या, "बरां." एवढंच. मालवणी बाई वाद न घालता 'बरां' म्हणते तेव्हा तिची बॅग तपासायची असते. मी तपासली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला. तिथे तेव्हा सकाळ. हॉटेलचा मॅनेजर अतिशय सभ्य इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, सर्वप्रथम सांगतो की सगळे पाहुणे सुखरूप आहेत."

हॉटेलवाल्याचं पहिलं वाक्य हे असलं की समजावं, वाट लागली.

झालं होतं ते असं. वहिनींनी विजेवरचा छोटा कुकर चादरीत गुंडाळून नेला होता. सोबत तांदूळ, मालवणी मसाला, लसूण, सुक्या मिरच्या आणि सुकट. दोन दिवस त्यांनी परबांना ब्रेड खाताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा धीर सुटला. सकाळी त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं, पंखा चालू केला, आधी पेज करून घेतली आणि मग त्याच कुकरात लसूण-मिरचीची फोडणी देऊन सुकट परतायला घेतली. पंख्याने आपलं काम चोख केलं. धूर फारसा झालाच नाही, पण ठसका मजलाभर पोचला. आता त्या हॉटेलातल्या पाहुण्यांना आदल्याच दिवशी वाटाड्यांनी बजावलं होतं, की इथे जमिनीतून वायू येतात, चमत्कारिक वास आला तर थांबू नका. सुकटीचा वास त्या बिचाऱ्यांच्या नाकाला पहिल्यांदाच भेटत होता. त्यात डोळ्यांतून पाणी आणि घशात खवखव. कोणीतरी भिंतीवरची धोक्याची घंटा दाबली आणि पाचेक मिनिटांत सारं हॉटेल पांढरे झगे घालून, हातात पासपोर्ट धरून बाहेरच्या हिरवळीवर.

वहिनीही उतरल्या. बाकीच्यांनी पासपोर्ट वाचवले होते, वहिनींनी सुकट वाचवली होती. हातात कुकर धरून त्या हिरवळीवर उभ्या होत्या आणि स्मिताला विचारत होत्या, "काय झाला गो? डोंगर फुटलो की काय?" ज्वालामुखी आपणच आहोत हे त्यांना बराच वेळ कळलं नव्हतं.

अशा वेळी हॉटेलवाल्याशी वाद घालायचा नसतो. आधी माफी मागायची, मग त्याला काहीतरी काम द्यायचं. मी माफी मागितली आणि म्हटलं, पाहुण्यांना माझ्यातर्फे केक-कॉफी द्या, खोली बदला आणि तो कुकर तुमच्याकडे कुलपात ठेवा. तो निवळला. फक्त जाता जाता म्हणाला, "मॅडम, ते नेमकं होतं काय?" मी म्हटलं, वाळवलेली कोळंबी, अगदी बारीक. तो म्हणाला, "आम्हीही कोळंबी खातो." त्याच्या स्वरात कोळंबीबद्दलचं दुःख होतं.

मग स्मिताचा फोन. ती रडत होती. "मी हरले, मावशी. मी तिला इतक्या लांब आणलं आणि ती संडासात स्वयंपाक करतेय."

मागून वहिनींनी फोन घेतला. "बाय, माझा चुकला. पण ह्यांनी तीन दिवस घास घेवक नाय."

त्याच्याही मागून परबांचा आवाज आला. "मासो बरो आसा हो. पण कढी खय?"

तिथला आमचा गाडीवाला-वाटाड्या नूनो म्हणून होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, तुमचे मिस्टर परब रोज तळलेला मासा दोनदा मागून घेतात. म्हणजे उपासमार चालली होती ती फक्त वहिनींच्या डोळ्यांपुढे.

मी विचार केला. धंद्यातला माझा अनुभव असा, की गिऱ्हाइकाची हौस अडवली की ते चोरून करतं. त्यापेक्षा हौसेला जागा नेमून द्यावी. फुर्नाशच्या तळ्याकाठी एक जागा आहे, जिथे जमीन इतकी तापलेली असते की तिथले लोक मांस, कोबी, कंद एका भांड्यात भरतात आणि ते भांडं सकाळी खड्ड्यात पुरून ठेवतात. दुपारी काढलं की जेवण तयार. मी नूनोला विचारलं, बाहेरच्यांना आपलं भांडं पुरू देतात का? तो म्हणाला, मी बोलतो.

हे ऐकून स्मिता जी भडकली! "मावशी, तुम्ही माझ्या बाजूने आहात की तिच्या? मी तिला स्वयंपाकातून सोडवायला आणलं आणि तुम्ही तिला तिथेही चुलीपुढे बसवताय! मग घरीच काय वाईट होतं?" मी म्हटलं, एक दिवस दे मला. तिने रागाने फोन ठेवला. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. वहिनी तिथल्या खड्ड्यांची चव घेऊन परत आल्या आणि घरी दुप्पट जोमाने डबे करू लागल्या असत्या, तर त्या मुलीला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती.

दुसऱ्या दिवशीचं थोडं मी नूनोच्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं, बाकीचं स्मिताने नंतर सांगितलं.

वहिनी आदल्या दिवसापासून हरखून गेल्या होत्या. बाजारात कोंबडी घेतली, रताळी घेतली. गावातल्या गरम पाण्याच्या ओहोळात अळू माजलेलं दिसलं तेव्हा तर त्या रस्त्यातच थांबल्या. "अगो, हयसर अळू!" तिथे अळूचे कंद खातात, ते घेतले. फक्त खोबरं-कांदा भाजून वाटप करायची सोय नव्हती, याची रुखरुख लागली. सगळं भांड्यात रचून, मालवणी मसाला घालून, वर फडकं बांधून त्या तळ्याकाठी हजर झाल्या. तिथल्या माणसांनी भांडं आकड्याने खड्ड्यात सोडलं, वर फळी टाकली, माती ओढून ढीग केला आणि ढिगावर नावाची पाटी खोचली. नूनोने ठळक अक्षरांत 'परब' लिहून घेतलं होतं. परबांनी त्या पाटीशेजारी उभं राहून इतके फोटो काढून घेतले, की जसं काही बेट त्यांनीच विकत घेतलंय.

"आता?" वहिनींनी विचारलं. स्मिता मध्ये उभी राहून वहिनींचं नूनोला आणि नूनोचं वहिनींना सांगत होती.

"आता काही नाही. दुपारी भांडं निघेल."

"मधी ढवळूचा नाय?"

"नाही."

"मीठ बघूचा?"

"नाही."

"पाणी सुटला तर?"

"सुटू दे."

वहिनी त्या ढिगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे बायका तवसर काय करतत?"

स्मिताने हा प्रश्न इंग्रजीत विचारला. नूनोने त्याच्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाला, "बसतात."

वहिनींना बसता येईना. त्या ढिगाभोवती फेऱ्या घालू लागल्या. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की तिथला राखणदार हात हलवून त्यांना मागे सारायचा, आणि तो पाठमोरा झाला की वहिनी परत पुढे. एकदा तर त्या वाकून मातीला हात लावून आल्या. स्मिता म्हणाली, मला ते बघवेना. ती कॅमेरा घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला निघून गेली.

ती परत आली तेव्हाचा फोटो तिने मला लगेच पाठवला. झाडाखालच्या बाकावर वहिनी गाढ झोपल्या आहेत. डोकं परबांच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, दुखरा हात मांडीवर सैल पडलेला. परब मांडीवर बायकोची पर्स घेऊन, फोटोग्राफरपुढे बसल्यासारखे ताठ. मी वहिनींना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. बसलेलंसुद्धा फारसं पाहिलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. समोर एक जोडपं बालीचं माप द्यायला बसलं होतं, त्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे.

त्या दिवशी भांडं काढायला बराच उशीर झाला. बाकीचे ढीग उकरून लोक जेवून निघून गेले, तरी परबांची पाटी आपली तिथेच. असं का झालं ते स्मितालाही नीट कळलं नाही. शेवटी तिघांनी आणि नूनोने तिथल्याच लाकडी टेबलावर जेवण केलं. परब दोनदा वाढून घेते झाले.

ते लोक परत आले, आणि पंधरा दिवसांनी स्मिता धावत ऑफिसात आली. वहिनींनी डबे सोडले होते. गिऱ्हाइकं, टोप, मसाल्याचे डबे सगळं शोभाच्या हवाली करून टाकलं होतं, आणि स्वतः रोज खांद्याच्या व्यायामाला जायला लागल्या होत्या. "बघा मावशी, मी म्हटलं नव्हतं? बसायला लावलं की कळेल!" मी म्हटलं, बसायला तू नाही लावलंस, मी चुलीपुढे पाठवलं म्हणून बसल्या. श्रेय कोणाचं यावर आमची चांगली जुंपली. धंद्यात श्रेय सोडायचं नसतं.

पण खरं काय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. ते मला परब नवरा-बायको भेटायला आले तेव्हा कळलं. वहिनींनी तिथून माझ्यासाठी चहाची पुडी आणली होती. मी ते बेट अजून पाहिलेलं नाही. मी लोकांना जिथे पाठवलं त्यातल्या बहुतेक जागा मी पाहिलेल्या नाहीत, आणि त्याचं आता या वयात वाईट वाटतं. म्हणून परत आलेल्या माणसाला मी खोदून खोदून विचारते.

"कसं झालं होतं हो ते जमिनीतलं जेवण?"

"अळणी," वहिनी म्हणाल्या. "कोंबडी शिजली, पण वाटप नाय, मसालो आत जावक नाय. काय चव नाय."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्या पुढे वाकल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"ऐक गो बाय. इतकी वर्सां मी टोपाच्या बाजूक उभी आसंय. माका वाटायचा, मी हललंय तर करपतला. थय तो मेलो राखणदार माका सारखो मागे सारी होतो. मगे मी गुपचूप जमनीक हात लावन बघलंय. आत रटरटी होता. आपला आपण शिजत होता, माका कोण विचारी नाय होता." त्यांचे डोळे भरले. "पयला माका वाईट वाटला. इतकी वर्सां मगे मी कित्या उभी रवलंय, असा वाटला. थोडी रडलंय पण. आणि मगे झोप लागली."

परब तोवर भिंतीवरचा नकाशा बघत उभे होते, ते वळले.

"झोप कसली? घोरा होती. बदकां उडान गेली."

"गप ऱ्हवा," वहिनी म्हणाल्या.

"नाय, खरा सांगतंय. तो नूनो दोनदा बोलवक इलो, भांडा काढूया म्हणान. माका तर भूक लागलेली. कावळे वरडी होते पोटात." परबांनी बायकोकडे एकदा बघितलं आणि परत नकाशाकडे तोंड केलं. "पण मी तेका म्हटलंय, रव. निजांदे तिका."